नळाला वार असतो, गटाराला नसतो

सोलापुरात भाड्याने घर पाहायला आलेला माणूस भाडे आणि अनामत रक्कम विचारण्याच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो, आणि तो म्हणजे या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी सुटते. त्या उत्तरावर धुण्याचे, पाहुण्यांच्या मुक्कामाचे, इतकेच काय पण घरातल्या बारशाचेही गणित बसवले जाते. उजनीहून येणारी जलवाहिनी, भीमेकाठचे टाकळीचे उपसा केंद्र आणि एकरुखचा जुना तलाव ही नावे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, आणि औज बंधाऱ्यात पाणी किती उरले ही बातमी उन्हाळ्यात क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचली जाते. मात्र ज्या पाण्याची इतकी वाट पाहायची ते वापरून, ओतून झाल्यावर कोठे जाते, हे त्या भाडेकरूने किंवा घरमालकाने एकमेकांना विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मोरीच्या जाळीखाली पाणी दिसेनासे झाले की आपला त्याच्याशी संबंध संपला, अशी आपली सर्वांची समजूत आहे.

कायद्याची समजूत तशी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 63 व्या कलमात महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे सांगितली आहेत आणि गटारे बांधणे, ती दुरुस्त ठेवणे व साफ करणे हे काम त्यांत अगदी स्पष्टपणे येते. बाग, नाट्यगृह, क्रीडासंकुल हे करता आले तर करावे अशा यादीत मोडते. गटार मात्र बंधनकारक आहे. तरीही उद्घाटनाची कोनशिला बागेला लागते, ड्रेनेज लाइनला लागलेली मी तरी पाहिलेली नाही. जमिनीखालच्या कामावर मते मिळत नाहीत, हे आपल्याकडचा कोणताही जाणता नगरसेवक खासगीत कबूल करील.

सांडपाण्याचा हिशेब करण्याची एक सरळ रीत आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावे आणि त्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरावे, असा नियोजनाचा प्रघात आहे. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. गुणाकार केला तर रोजचे पाणी सुमारे 128 दशलक्ष लिटर आणि सांडपाणी सुमारे 103 दशलक्ष लिटर येते. आता दुसऱ्या बाजूला पाहावे तर देगावचे 75 दशलक्ष लिटर क्षमतेचे मोठे प्रक्रिया केंद्र आणि प्रतापनगर व कुमठे येथील दोन लहान केंद्रे मिळून बेरीज शंभराच्या आसपास जाते. जनगणनेनंतर शहर वाढले आहे हे खरे, तरी कागदावर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, आणि माझे सगळे म्हणणे या जुळलेल्या हिशेबाविषयीच आहे. केंद्राची क्षमता म्हणजे तिथे किती पाण्यावर प्रक्रिया होऊ शकते याचा आकडा. तिथवर किती पाणी पोहोचते हा आकडा निराळा असतो आणि तो गल्लीबोळांतल्या गटाराच्या नळांच्या उतारावर, घरजोडण्यांवर आणि चेंबरमधल्या गाळावर ठरतो.

हा घोळ एकट्या सोलापूरचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये जो देशाचा ताळेबंद मांडला, त्यानुसार भारताच्या शहरी भागात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, प्रक्रिया केंद्रे 31,841 दशलक्ष लिटरची बांधून झालेली होती आणि प्रत्यक्षात प्रक्रिया मात्र 20,236 दशलक्ष लिटरवर होत होती. पहिल्या दोन आकड्यांतील दरी पैशाची आहे, हे कोणीही समजू शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांमधली दरी मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे पैसा खर्च होऊन गेला आहे, हौद उभे आहेत, यंत्रे बसली आहेत, आणि तरी तिसरा हिस्सा क्षमता वापराविना पडून आहे.

भुयारी गटार बहुतेक ठिकाणी केवळ उतारावर चालते. नळाच्या पाण्यामागे टाकीचा दाब असतो. सांडपाण्याला ढकलणारे कोणी नसते, ते आपल्या वजनाने घरंगळत जाते. त्याने वाटेत गाळ टाकू नये यासाठी गटाराच्या नळातला वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला 0.6 मीटरच्या पुढे जावा लागतो, म्हणजे वाळू आणि मैला तळाशी बसायच्या आत पुढे वाहून जातो. हे गणित मांडताना गृहीत असे असते की पाणी रोज येते आणि लोक ते रोज सारखेच वापरतात. आपल्याकडे पाणी तीन-चार दिवसांआड येते. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात साठलेले धुणे निघते, पिंपे घासून शिळे पाणी ओतले जाते, अंगणे धुतली जातात, आणि चेंबरच्या झाकणाखालून पाण्याचा खळाळ ऐकू येतो. त्यानंतरच्या दिवसांत भांडी विसळलेले पाणी झाडांना जाते, आंघोळ अर्ध्या बादलीत होते आणि लाइनीत नुसता ओलसर प्रवाह उरतो. शहराच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार असल्यामुळे देगावच्या केंद्रात पोहोचेपर्यंत ही चढउतार बरीचशी सपाट होऊन जाते, पण गल्लीतल्या सहा किंवा आठ इंची नळाला ती सोसावी लागते. तुंबण्याचे मूळ तिथे आहे. लोक पाणी जपून वापरतात म्हणून गटार तुंबते असे म्हणणे विचित्र वाटेल, पण त्यात तथ्य आहे, आणि त्याचा दोष जपून वापरणाऱ्याकडे मुळीच जात नाही.

त्यात आपला उन्हाळा. सोलापूरच्या एप्रिल-मेविषयी नव्याने सांगण्यासारखे काही नाही; जमिनीखालचे सांडपाणीही त्या दिवसांत चांगलेच कोमट असते. थांबलेल्या, तापलेल्या मैल्यातला प्राणवायू संपला की त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, ज्याला आपण कुजलेल्या अंड्याचा वास म्हणतो. तो वायू नळाच्या वरच्या ओल्या भागात जाऊन बसतो, तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंटचा नळ वरून पोखरत जाते. रस्ता अचानक खचतो तेव्हा आपण ठेकेदाराला शिव्या देतो. पुष्कळदा तो नळ कित्येक वर्षे आतून झिजत आलेला असतो. ही माहिती मला एका निवृत्त अभियंत्याकडून मिळाली आणि तेव्हापासून मी खचलेल्या खड्ड्यात डोकावून नळाची वरची बाजू पाहतो, ही सवय घरच्यांना आवडत नाही.

आमचे घर पूर्व भागात आहे. आजूबाजूला टॉवेलचे कारखाने, काही चालू, काही कुलूपबंद. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कोपऱ्यावरचे चेंबर भरून वाहू लागले आणि जेटिंगची गाडी आली. आलेल्या दोघांनी आधी लागोपाठची तीन झाकणे उघडून ठेवली आणि बराच वेळ काहीच केले नाही. आतला वायू जाऊ द्यावा लागतो, हे न कळल्यामुळे एकदोघे त्यांच्यावर खेकसलेही. मग खालच्या अंगाच्या कोरड्या चेंबरमधून रबरी नळी आत सोडली गेली. त्या नळीच्या तोंडाशी पितळी बोंड असते आणि त्यातून पाण्याच्या धारा मागच्या दिशेला सुटतात; त्या धारांच्या जोरावर नळी स्वतःच पुढे सरकते आणि परत ओढताना गाळ आपल्याबरोबर मागे आणते. वाळू, राख, खरकटे, शांपूच्या पुड्या असे सगळे निघाले, तरी पाणी उतरेना. शेवटी आकड्याने ओढून त्यांनी जे बाहेर काढले ते मनगटाएवढे जाड, काळे, हातभर लांबीचे दोरखंड होते. पाणी मारल्यावर त्याचा रंग कळला: गुलाबी, निळे, पांढरे टॉवेलचे सूत, केस आणि साबणाचा चिकटा एकात एक पीळ पडून बसले होते.

“काका, गाळ पाण्यानं निघतो. सूत निघत नाही, आत गुंडाळून बसतंय,” त्यांतला मोठा म्हणाला.

“आमच्यात आता माग कुठं राहिलाय?” समोरच्या आजींनी दारातूनच ऐकवले.

“तुमच्यात नसंल, आजी. लाइनीत हाय की.”

आजींच्या घरचे माग विकून झाले त्याला बराच काळ लोटला आहे. उरलेला मुद्दा त्या माणसाने नेमका सांगितला होता. नळात एकदा कोपरा धरून बसलेले सूत पुढची कितीतरी वर्षे येणारा प्रत्येक केस आणि प्रत्येक चिंधी अडवीत राहते.

तो माणूस त्या दिवशी चेंबरमध्ये उतरला नाही, आणि उतरता कामा नये. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आणि 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. न्यायालयाला रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ उघड आहे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, म्हणून आत उतरलेल्याला वाटते की वास गेला, आता धोका नाही. खासगी सोसायट्या आणि बंगल्यांचे मालक आजही चार पैसे वाचवण्यासाठी कोणातरी गरजू माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवतात, तेव्हा गुन्हा त्यांच्याकडूनही घडत असतो, पालिकेकडे बोट दाखवून तो झाकता येत नाही.

प्रक्रिया केंद्र पाहायला मिळाले तर जरूर पाहावे. शहरातून आलेला काळसर लोट आधी जाड आणि मग बारीक चाळण्यांतून जातो. तिथे अडकलेल्या वस्तूंत गुटख्याच्या पुड्या, चपला, निर्माल्य आणि पुन्हा चिंध्या असतात. मग एका गोल हौदात पाणी फिरवून वाळू खाली बसवतात. इथपर्यंत सगळे काम यंत्राचे आहे. पुढचे काम जिवाणूंचे आहे, आणि हल्ली मोठ्या केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसबीआर पद्धतीत ते एकाच हौदात पाळीपाळीने चालते. हौद भरतात, तळाशी बसवलेल्या छिद्रांच्या नळ्यांतून ब्लोअरने हवा सोडतात, मग हवा बंद करून सगळे निवांत निवळू देतात आणि वरचे स्वच्छ पाणी हळूहळू खाली उतरणाऱ्या यांत्रिक पन्हळीने काढून घेतात. हवा सुरू असताना तपकिरी फेसाळ पाणी उकळत असल्यासारखे दिसते. तो तपकिरी रंग म्हणजेच कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते आणि ती सांडपाण्यातला मैला खाऊन जगते. हवा बंद केल्यावर तासाभरात ती खाली बसते आणि वर तळाचा अंदाज यावा इतके निवळ पाणी राहते. त्यात शेवटी क्लोरीन मिसळतात.

या कामात सर्वांत मोठा खर्च विजेचा आहे, कारण ब्लोअर रात्रंदिवस चालावे लागतात. वीज थोडा वेळ गेली तर निभावते. पण दीर्घकाळ हवा मिळाली नाही तर जिवाणू मरतात आणि नवी वस्ती तयार व्हायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून केंद्र बांधायला मिळणाऱ्या केंद्र-राज्याच्या अनुदानापेक्षा ते चालवण्याची दरवर्षीची तरतूद हा अंदाजपत्रकातला अधिक महत्त्वाचा आकडा समजला पाहिजे. वर्तमानपत्रे बातमी मात्र पहिल्याचीच छापतात.

जिवाणूंना जे खाता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न सोलापूरला चुकवता येणार नाही. घरगुती मैला ते खातात, कपडे रंगवण्याचे रंग मात्र बहुतांशी तसेच पुढे जातात, कारण धुतल्यावर जाऊ नये अशाच गुणाचे ते बनवलेले असतात. रंगकामात वापरलेले मीठही पाण्यात विरघळलेले राहते आणि कोणत्याही हौदात निवळत नाही. यावर उपाय कारखान्याच्या दारातच करावा लागतो, म्हणजे प्रत्येक डाइंगवाल्याने किंवा अनेकांनी मिळून रंगाचे पाणी वेगळे शुद्ध करूनच सोडावे लागते. लहान कारखानदार म्हणतो, त्याला ते परवडत नाही. आणि चादर-टॉवेलच्या धंद्याची आजची अवस्था पाहता तो खोटे बोलत नाही. पण त्याने सोडलेल्या रंगाचा खर्च दुसरा कोणीतरी उचलतोच, एवढे त्याच्या गळी उतरवणे भाग आहे.

1992 च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले आणि पुढची पुष्कळ वर्षे हद्दवाढ भाग हा शब्द रस्ता, पाणी आणि ड्रेनेज नसलेला भाग याच अर्थी वापरला गेला. लाइन नाही तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. दर तीन वर्षांनी टाकी उपसावी असा दंडक आहे. आपण ती भरून वाहू लागल्यावर, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, मैलागाडी बोलावतो. त्या गाडीने उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात नेऊन रिता करणे अपेक्षित आहे, आणि ती कोठे रिती झाली हे मालकाने विचारायला हरकत नसावी. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकमधल्या सिन्नरने यात चांगला धडा घालून दिला: घरोघरच्या टाक्या तक्रारीची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने पाळीपाळीने उपसायच्या आणि तो मैला मैला-प्रक्रिया केंद्रात न्यायचा. ही गावे सोलापूरपुढे लहान आहेत, त्यामुळे त्यांचे जसेच्या तसे इथे उचलता येणार नाही. वेळापत्रकाची शिस्त मात्र उचलता येईल. लाइन पडल्यावरही काम संपत नाही. रस्त्यात लाइन आली म्हणजे घर जोडले गेले असे होत नाही, कारण अंगणातली फरशी फोडून जोडणी करून घ्यायचा खर्च आणि त्रास घरमालकाच्या माथी येतो. जोडणारे दुसरी गंमत करतात: गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइपही त्याच चेंबरला लावून मोकळे होतात. मग वर्षात जो थोडाफार पाऊस पडतो तो एखाद्या संध्याकाळी धो धो कोसळला की सांडपाण्यासाठी आखलेला नळ पावसाने भरतो आणि चेंबर उलटे वाहू लागते.

उजनीच्या पाण्याला हिरवट रंग आणि वास आला की सोलापूरकर पुण्याला बोल लावतो, आणि त्यात अन्याय नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि भीमा उजनीत. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या कर्जसाहाय्याने रोज एकूण 396 दशलक्ष लिटर क्षमतेच्या 11 केंद्रांचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला, तेव्हा ती बातमी पुण्यापेक्षा आम्ही अधिक लक्ष देऊन वाचायला हवी होती. पण पुढचे चित्रही तितकेच खरे आहे. विजापूर रस्त्याने वडकबाळच्या पुलावरून आपण जी सीना ओलांडतो ती पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आणि भीमा तिथून कर्नाटकात जाऊन कृष्णेला. शके 940 च्या मराठी शिलालेखासाठी आपण त्या संगमावर मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना घेऊन जातो. शहराच्या नाल्यांतून न निवळता सुटलेले पाणीही त्याच दिशेने निघालेले असते, आणि संगमाच्या खालच्या गावकऱ्याने सोलापूरला बोल लावला तर आपल्याकडे पुणेकरांपेक्षा वेगळे उत्तर असणार नाही.

आता निवळलेल्या पाण्याविषयी. सोलापुरात नळाला वार असतो, गटाराला नसतो. शहराचे सांडपाणी दुष्काळाच्या वर्षीही रोज येते आणि त्याच्याइतका भरवशाचा दुसरा झरा या कोरड्या मुलुखात नाही. 2016 च्या सुधारित केंद्रीय वीजदर धोरणाने, प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्रांनी हे पाणी वापरावे असे बंधन घातले. दक्षिण सोलापुरातले एनटीपीसीचे 1,320 मेगावॉटचे केंद्र त्या अंतरात सहज बसते. नागपूरने भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देऊन दाखवले आहे, त्यामुळे हे स्वप्नरंजन नाही. जेवढे पाणी वीज केंद्र सांडपाण्यातून घेईल तेवढे धरणातले पाणी पिण्यासाठी वाचेल आणि पालिकेला ब्लोअरच्या विजेचे बिल भागवायला उत्पन्न मिळेल, हा हिशेब मला पटतो.

तो हिशेब मी देगावच्या बाजूला नाल्याकाठी शेती असलेल्या एका परिचितांना ऐकवला. त्यांच्या मोटारी वर्षानुवर्षे नाल्यात सोडलेल्या आहेत; विहीर आटली तरी नाला आटत नाही, आणि त्या पाण्यातल्या नत्रामुळे युरिया कमी लागतो. नाल्यात निवळलेले पाणी येऊ लागले तर त्यांना हवेच आहे, कारण उपसताना अंगाला खाज सुटते ती त्यांच्या गड्यांच्या. पण सगळे पाणी पाइपातून वीज केंद्राला गेले तर नाल्यात काय उरणार, असे त्यांनी विचारले. या पाण्यावर त्यांचा कागदोपत्री हक्क काहीच नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ज्या शेतांवर शहराने इतकी वर्षे आपला मैला न विचारता सोडला, त्यांचा वाटा करारात आधी लिहिला जावा, रोज किती दशलक्ष लिटर निवळ पाणी नाल्याला सोडायचे तो आकडा त्यात असावा, आणि कोणत्या केंद्रात त्या दिवशी किती पाणी आले व किती निवळून गेले याचा फलक नाल्याच्या काठावर आणि झोन कार्यालयाच्या दारात रोज लागावा, अशी माझी मागणी आहे. सभागृहात सांडपाण्याचा विषय येईल तेव्हा आमच्या प्रभागाच्या वतीने ती लेखी द्यायची आहे, आणि अर्जावर पहिली सही त्या परिचितांनी केली आहे, जरी त्यांचे शेत आमच्या प्रभागात येत नाही.